आधी विचारा, मग खोला

"जुनी गाडी हाय आण्णा, थरथरणारच."

हे वाक्य मी एका हंगामात तीन ठिकाणी ऐकलं. तिघांचं एकमत पाहून मलाही ते खरं वाटलं. माणूस साठीला आला की गुडघे धरतात, तशी गाडी जुनी झाली की हलते, असा माझाही समज. ह्या समजापायी मी चौदा हजार रुपये घालवले आणि माळशेज घाटात एका पोराचा जीव टांगणीला लावला. म्हणून सांगतो, ते वाक्य खोटं आहे. जुन्या गाडीचा धूर वाढतो, पत्रा गंजतो, दरवाजे खडखडतात. पण ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हातात थरथरणं हे वयाचं लक्षण नाही. त्याला कारण असतं, ते कारण एका ठराविक जागी बसलेलं असतं आणि ते शोधता येतं. शोधायचा कंटाळा असला की मग गाडीचं वय आठवतं.

माझी पिकअप सेकंडहँड घेतलेली. पुढच्या चाकांना डिस्क, मागच्यांना ड्रम. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर जे असेल ते भरायचं, रात्री निघायचं, ओतूर, खुबी फाटा करत माळशेज उतरायचा आणि पहाटेला कल्याणचा बाजार गाठायचा. हंगामात आठवड्याला तीन खेपा ठरलेल्या.

त्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि थरथर सुरू झाली. साठच्या स्पीडला ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग डावी-उजवीकडं झटके मारायचं. स्पीड कमी झाला की थांबायचं. पहिल्या गॅरेजात गेलो. मेस्त्रीनं चाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पॅड गेलेत." पॅड बदलले. सोळाशे रुपये. वीस दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथला म्हणाला, "पॅड बदलून काय उपयोग? डिस्क बेंड झाल्यात." दोन्ही बाजूंच्या डिस्क नव्या टाकल्या. मजुरीसकट सहा हजार चारशे. आता मात्र गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. मी गावात चार जणांना त्या मेस्त्रीचं नाव सांगितलं. अडीच महिने झाले, परतीचा पाऊस आला आणि थरथर परत आली.

पुन्हा त्याच्याकडं गेलो. आता त्याचं म्हणणं, डिस्क तर नव्या आहेत, म्हणजे दोष दुसरीकडं आहे. अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून या. बाराशे रुपये. फरक पडला नाही. मग तिसऱ्यानं टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट बदलले. मजुरी धरून चार हजार आठशे. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. आणि मग ते वाक्य, "जुनी गाडी हाय आण्णा."

बेरीज करा. चौदा हजार. त्या महिन्यात टोमॅटोचा भाव पडलेला होता. किती कॅरेट विकल्यावर चौदा हजार सुटतात हे ज्यानं टोमॅटो लावलाय त्याला सांगायला नको.

पैशाचं एक वेळ सोडून देऊ. ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री घाट उतरत होतो. गाडी भरलेली, खरं सांगायचं तर पासिंगपेक्षा जास्तच भरलेली. शेजारी पुतण्या आणि मागं कॅरेटवर ताडपत्री धरून एक मजूर पोरगं. मागं माणूस बसवू नये हे मला तेव्हाही कळत होतं. एका वळणावर पुढं ट्रक उभा. दरड पडून दगड रस्त्यावर आले होते म्हणून तो थांबलेला. मी ब्रेक मारला. स्टेअरिंग असं हिसकलं की हातातून सुटेल असं वाटलं, पेडल पायाखाली उड्या मारायला लागलं, आणि मी घाबरून पाय उचलला.

हा पाय उचलणं ध्यानात घ्या. लोक म्हणतात, थरथरतंय पण गाडी थांबते ना, मग चालू द्या. गाडी थांबतेच. पण थरथरीला भिऊन ड्रायव्हर पाय उचलतो आणि ज्या क्षणी पाय दाबून धरायचा त्याच क्षणी तो वर येतो. मी पुन्हा ब्रेक दाबला, पुतण्या ओरडला, आणि ट्रकच्या मागच्या फळकुटापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागचं पोरगं दोन कॅरेटांसकट केबिनवर आदळलं होतं. हात खरचटला, बाकी काही नाही. मोरोशीला चहा घेताना ते हसत होतं. मला चहा गेला नाही.

परत आल्यावर गाडी सरळ आळेफाट्याला नेली. तिथं एक लेथवाले मामा आहेत. सगळेच त्यांना मामा म्हणतात. डिस्क आणि ड्रम लेथवर घासून देणं हे त्यांचं काम. मी म्हणालो, "मामा, डिस्क फेस मारून द्या." ते म्हणाले, "थांबा. मला पाच गोष्टी सांगा."

थरथर हाताला लागते, पायाला लागते का बुडाला लागते? ब्रेक न मारता ऐंशीच्या स्पीडला हलते का? मोकळ्या गाडीत होते का भरल्या? घाट उतरताना वाढते का? आणि कधीपासून, त्याच्या आधी चाकाला काय काम केलं होतं?

तीन गॅरेज फिरलो, चौदा हजार मोजले. हे पाच प्रश्न मला कुणीही विचारले नव्हते. माझं भांडण आहे ते इथं.

ह्या प्रश्नांत काही जादू नाही. मामांनी मला उभ्या उभ्या समजावलं आणि ते कुणालाही समजेल. स्टेअरिंग हलत असेल तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत. सीट आणि फाळका हलत असेल तर मागच्या ड्रमकडं बघायचं. पेडल उडत असेल तर दोन्हीपैकी कुठंही असू शकतं. ब्रेक न मारता, नुसत्या स्पीडला गाडी हलत असेल तर तो ब्रेकचा दोषच नाही, तिथं टायर, रिम, बॅलन्सिंग बघायचं. म्हणजे माझे अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे बाराशे रुपये एका प्रश्नात वाचले असते, कारण माझी गाडी ब्रेक न मारता सुतासारखी पळत होती.

मागचं की पुढचं ह्याची शंका राहिली तर त्यालाही उपाय आहे. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो. गाडी मोकळी करायची, सरळ, सपाट, कोरडा, रिकामा रस्ता बघायचा, मागं-पुढं कुणी नको. तिसाच्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढायचा, म्हणजे हवा तेव्हा सोडता येतो. थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. नाही आली तर पुढं बघा. घाटात आणि भरल्या गाडीत हा प्रयोग करायचा नाही. मामांनी मला शेजारी बसवून तो केला. मागचं काही हललं नाही. अर्धी गाडी तपासून झाली, पैसा लागला नाही, पानाही लागला नाही.

मग जॅक लावला. पुढचं चाक वर घेतलं. वर-खाली धरून हलवलं, बेअरिंग ढिलं नव्हतं. डावी-उजवीकडं धरून हलवलं, टाय रॉड नवेच होते. चाक उतरवलं. डिस्क जागेवर धरून राहावी म्हणून नट उलटे लावून आवळले आणि बाजूला डायल गेज उभं केलं. ते घड्याळासारखं दिसतं, त्याचा काटा डिस्कला टेकवायचा आणि डिस्क हातानं फिरवायची. आपण सुतात बोलणारी माणसं. इथं हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. उजव्या बाजूचा काटा जेमतेम हलला. डाव्या बाजूला वहीच्या पानाच्या जाडीपेक्षाही जास्त डगला. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. मेस्त्रीनं डोळ्यानं पाहून "डिस्क बेंड झाली" म्हणावं हे म्हणूनच अंदाजपंचे असतं.

मामांनी डावी डिस्क काढली. मागं हबच्या तोंडावर गंजाची पापडी होती, एका बाजूला जाड, एका बाजूला नाही. माझ्या सहा हजारांच्या कामातली नवी कोरी डिस्क त्या मेस्त्रीनं ह्या पापडीवर बसवली होती आणि वरून हवेच्या गननं नट कुठं जास्त, कुठं कमी असे आवळले होते. वाकड्या पाटावर सरळ ताट ठेवलं तर ताट वाकडंच बसणार. आणि हबपाशी केसाएवढी खोट असली तर डिस्कच्या कडेला ती वाढून दिसते, कारण कड हबपासून लांब असते.

मग अडीच महिने गाडी चांगली कशी चालली? ह्याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिस्क वाकडी बसली म्हणून लगेच थरथर येत नाही. ती फिरताना दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला चाटत राहते, ब्रेक न मारतासुद्धा. चार-सहा हजार किलोमीटरमध्ये त्या जागेची जाडी बदलते. डिस्कची जाडी एकसारखी राहिली नाही की पॅड कधी जास्त दाबला जातो, कधी कमी, आणि तीच थरथर हातापायाला लागते. म्हणजे "बरं झालं आणि काही दिवसांनी परत आलं" हीच मोठी खूण होती. पार्ट बदलला, पण पार्ट खाणारा दोष जागेवर राहिला. ही खूण मी गॅरेजात स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

आणखी एक निघालं. त्याच बाजूच्या कॅलिपरच्या दोन पिना असतात, त्यांवर तो मागं-पुढं सरकतो. त्यांतली एक पिन गंजून धरली होती. त्यामुळं आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड. पॅड बदलणाऱ्यानं ते दोन पॅड शेजारी शेजारी ठेवून नुसते पाहिले असते तरी त्याला कळलं असतं. पण काढलेला पार्ट बघायचा नसतो, कोपऱ्यात फेकायचा असतो, अशी आपल्याकडं रीत.

हबचं तोंड वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं साफ केलं. पिन काढून घासली, ब्रेकच्या पिनांना चालतं तेच ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं. डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजली, कमीत कमी किती राहिली पाहिजे तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. भरपूर जाडी होती, म्हणून हलका हात फिरवून दोन्ही डिस्क सरळ केल्या. नट हातानं, समोरासमोरचे धरून, थोडे थोडे करत आवळले. बिल झालं नऊशे रुपये, त्यातले तीनशे "बघायचे."

आता माझीच गोष्ट सांगतो. मी त्या तीनशेवर घासाघीस केली. "मामा, बघायचे कसले पैसे? पार्ट तर काहीच टाकला नाही." मामा रागावले नाहीत. म्हणाले, "सहा हजारांची डिस्क टाकली तेव्हा घासाघीस केली का?" नव्हती केली. पार्टाचं खोकं दिसत होतं, त्यावर किंमत छापलेली होती. त्यामुळं तोंड उघडलं नाही.

गॅरेजवाल्यांना नुसते शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण निम्मा दोष गिऱ्हाइकाचा आहे. आपण हाताच्या कामाचे आणि पार्टाचे पैसे देतो, डोक्याच्या कामाचे देत नाही. मेस्त्रीनं दोन तास घालवून "तुमच्या गाडीला काही बदलायची गरज नाही, एवढी पापडी घासा" असं सांगितलं तर आपण त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवतो. त्याच दोन तासांत त्यानं डिस्क बदलली तर मजुरीही मिळते आणि पार्टावर चार पैसे सुटतात. मग तो काय करील? त्याच्या घरालाही चूल आहे. आयटीआय केलेला एक पोरगा मला म्हणाला, "आण्णा, डायल गेज आम्हाला शिकवलंय. पण गॅरेजात ते काढलं की शेठ म्हणतो टाइमपास करू नको." शिकलेलं पोरगं आहे, हत्यार आहे आणि ते कपाटात पडून आहे.

हे कबूल केलं तरी मेस्त्री सुटत नाही. त्याचं नेहमीचं उत्तर असतं, "पार्ट जुना झालाच होता, आज ना उद्या बदलावाच लागला असता." हे उत्तर मला मान्य नाही. कधी बदलायचा हे झिजेवर ठरतं आणि झीज मोजता येते. माझ्या जुन्या डिस्क किती जाड होत्या हे कुणी मोजलंच नाही. त्या भंगारात गेल्या. कदाचित त्याही फेस मारून दोन वर्षं चालल्या असत्या, आता कळायला मार्ग नाही. दुसरं उत्तर, "गिऱ्हाईक थांबत नाही, घाई करतं." पाच प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. चहा यायच्या आत होतं ते.

आणि हे काही गाडीपुरतं नाही. टोमॅटोची पानं पिवळी पडली म्हणून दुकानात गेलं की तीन बाटल्या हातात येतात. पाणी किती दिलं, मूळ उपटून पाहिलं का, हे विचारणारा विरळा. मूळ पाहायचे पैसे दुकानदाराला मिळत नाहीत, बाटलीचे मिळतात. शेतकरी दोन्हीकडं सारखाच नागवला जातो, आणि दोन्हीकडं आपणच बाटली मागतो.

चालवणाऱ्याच्या चुकाही सांगून टाकतो, त्या सगळ्या मी केल्यात. घाट वरच्या गिअरला उतरायचा आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा. ज्या गिअरला घाट चढतो त्याच्या आसपासच्या गिअरला उतरावं, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. घाट उतरून तापल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी चिकटून डाग ठेवतो आणि तिथून थरथर सुरू होते. त्यापेक्षा एखादा किलोमीटर ब्रेक न मारता गाडी चालू द्यावी, गार होऊ द्यावी, मग सपाटीला गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्याखाली चाकं धुवायची हौस तर सगळ्यांनाच. डिस्क आणि ड्रम बिडाचे. लाल तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. आणि भार. जास्तीचे दहा-वीस कॅरेट भाड्यात वाचतात ते ब्रेकमध्ये जातात. हे मला माहीत आहे आणि भाव पडला की मी विसरतो, हेही खरं.

आता मी एक वही गाडीतच ठेवतो. पंक्चर कधी काढलं, चाक कुणी उतरवलं, ब्रेक ऑइल कधी बदललं, सगळं तारखेसकट लिहितो. पंक्चरवाल्यानं गननं नट आवळले की मी खाली उतरून पान्यानं ते सैल करून समोरासमोर आवळून घेतो. तो हसतो, हसू दे. गॅरेजात गेलो की पहिलं सांगतो, "आधी विचारा, मग खोला. बघायचे पैसे वेगळे देतो. आणि काढलेला पार्ट माझ्या गाडीत टाका." ह्या तीन वाक्यांनी मेस्त्रीचा चेहरा बदलतो. काहींचा पडतो, त्यांच्याकडून मी निघून येतो. काहींचा खुलतो. असे दोन जण मला सापडलेत आणि दोघंही तरुण आहेत.

त्या रात्री मागं बसलेलं पोरगं आता कल्याणला कामाला आहे. भेटलं की अजून विचारतं, "आण्णा, गाडी थरथरते का अजून?" गाडी तीच आहे, आणखी जुनी झाली आहे. थरथरत नाही.